स्रावाचा माग

रात्री दहानंतर गावात शिरायचं, झोपलेल्यांना उठवायचं, बोटाला सुई टोचून रक्ताचे दोन-तीन थेंब काचपट्टीवर घ्यायचे आणि पुढच्या घराची कडी वाजवायची. हत्तीरोग पथकातल्या कर्मचाऱ्यांचं हे काम विदर्भातल्या खेड्यांत आणि शहरांतल्या जुन्या वस्त्यांत कित्येक दशकं चाललेलं आहे. दिवसभर राबून आडवा झालेला माणूस अशा वेळी काय बोलत असेल, ते इथे छापता येणार नाही. पण दिवसा जाऊन उपयोग नसतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा हत्तीरोगाचा जंत आपल्या लसिकावाहिन्यांत राहतो. मादी आठ-दहा सेंटिमीटर लांब आणि दोऱ्यासारखी बारीक, नर तिच्या निम्म्याहून लहान. त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसभर फुप्फुसांतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री साधारण दहा ते दोनच्या दरम्यान कातडीजवळच्या रक्तात उतरतात. क्युलेक्स डासाची चावण्याची वेळही तीच.

गोदावरीच्या काठाकाठाने खाली गेलं की या रोगाचं पाण्याशी असलेलं नातं दिसतं. उगमाकडे, नाशिकला, हत्तीपाय झालेला माणूस क्वचितच आढळतो. नांदेड मात्र शासनाच्या हत्तीरोगाच्या यादीत आहे, पुढे गडचिरोली आहे, आणि समुद्राला मिळण्याआधीचे आंध्रातले गोदावरीचे जिल्हे तर या रोगाचं जुनं आगर. सुश्रुतसंहितेत श्लीपदाचं, म्हणजे हत्तीपायाचं, वर्णन आलं आहे. जिथे जुनं पाणी साचून राहतं आणि बारा महिने गारवा असतो अशा मुलखात तो विशेष होतो, असंही तिथे नोंदलेलं आहे. डासाचं नाव न घेता डासाचा पत्ता सांगितला, असंच म्हणायला हवं.

डासाचं नाव घ्यायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. १८७२ मध्ये कलकत्त्यात टिमथी लुईस या लष्करी डॉक्टरने माणसाच्या रक्तात वळवळणाऱ्या अळ्या पाहिल्या. १८७६ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला जोसेफ बँक्रॉफ्टना प्रौढ जंत सापडला. १८७७ मध्ये चीनच्या किनाऱ्यावर आमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सनने अळ्या अंगात असलेल्या आपल्या नोकरालाच डासांच्या खोलीत झोपवलं आणि मग ते डास फाडून अळी त्यांच्या पोटात वाढते हे दाखवलं. (आजच्या नीतिसमितीने हा प्रयोग दारातच अडवला असता.) डास चावतानाच अळी माणसात शिरते, हे कळायला आणखी तेवीस-चोवीस वर्षं गेली.

एवढं कळल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. सुटला नाही, कारण काचपट्टीवरचं चित्र आणि गावातलं चित्र जुळेना. ज्याचा पाय खांबासारखा सुजलाय, ज्याला अंडवृद्धीमुळे धोतर नेसणं अवघड झालंय, त्याच्या रक्तात बहुधा एकही अळी सापडत नसे. आणि ज्याच्या थेंबाथेंबात अळ्या, तो गडी सकाळी औत घेऊन निघालेला. दुसऱ्या महायुद्धात हे कोडं आणखी गडद झालं. सामोआ आणि आसपासच्या बेटांवर तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना काही महिन्यांतच लाल रेघोट्या, गाठी, सूज असा त्रास सुरू झाला. हजारो सैनिक माघारी पाठवावे लागले. त्यांच्या रक्तात अळ्या जवळजवळ नव्हत्याच. बेटावरचे मूळ रहिवासी मात्र रक्तात अळ्या वागवत निवांत होते. एकच जंत, आणि नव्या माणसाला तो छळतो, जुन्या यजमानाकडे गुपचूप राहतो. म्हणजे आजार केवळ जंतात नव्हता. शरीर त्याला काय उत्तर देतं, यात त्याचा मोठा वाटा होता.

औषधानेही तीच खूण दिली. १९४७ मध्ये अमेरिकेत लेडर्ली कंपनीत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने डायइथिलकार्बामाझिन शोधलं. आपल्याकडे सगळे त्याला डीईसी म्हणतात. माणसाला गोळी दिली की काही तासांत रक्तातल्या अळ्या नाहीशा होतात. पण रक्तात जेवढं औषध पोचतं तेवढंच काचेच्या बशीत घालून त्यात अळ्या सोडल्या, तर त्या आरामात वळवळत राहतात. गोळीला शरीराची साथ लागते. ही गोष्ट पाठ्यपुस्तकात एका ओळीत आटोपते. मला ती या सगळ्या इतिहासातली कळीची ओळ वाटते.

१९५५ मध्ये राष्ट्रीय फायलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, भंडारा हा पट्टा त्यात महत्त्वाचा होता. तळी, भाताची बांधी, शहरांची उघडी गटारं, सगळं क्युलेक्सच्या सोयीचं. पथकं, रात्र चिकित्सालयं, गटारांत फवारणी, गोळ्या असा कारभार बसला. निदानाचं साधन मात्र मॅन्सनच्या काळातलंच राहिलं: रात्रीचा थेंब, रंगवलेली काचपट्टी, सूक्ष्मदर्शक आणि डोळे ताणून पाहणारा तंत्रज्ञ.

वर्ध्याजवळचं सेवाग्राम इथे या कथेत येतं. १९४० च्या दशकात गांधीजींच्या आश्रमाजवळ कस्तुरबा रुग्णालय उभं राहिलं. गांधीजींच्या वैयक्तिक डॉक्टर आणि पुढे केंद्रीय आरोग्यमंत्री झालेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तिथेच महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू केली. देशातलं हे पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. नव्या विद्यार्थ्यांनी आधी आश्रमात राहायचं, खादी घालायची, प्रत्येक तुकडीने एक गाव दत्तक घ्यायचं. अशा ठिकाणी रेणूंच्या पातळीवरचं संशोधन होईल असं त्या काळात कुणी म्हटलं असतं तर पुण्या-मुंबईचे प्राध्यापक हसले असते. जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख डॉ. भास्कर हरिनाथ यांनी ते हसू मनावर घेतलं नसावं. रोगी दारात होते. विभागाने हत्तीरोग धरला आणि पुढे याच कामातून जमनालाल बजाज उष्णकटिबंधीय रोग संशोधन केंद्र उभं राहिलं.

अडचण जंत मिळवण्याची होती. वुचेरेरिया माणसाशिवाय कुठेही धड नांदत नाही. उंदीर, ससा, गिनीपिग कुणीच त्याला चालत नाही. त्यामुळे 'प्रयोगशाळेत वाढवू या' म्हणायची सोय नव्हती. प्रौढ जंत लसिकावाहिन्यांत खोल, तिथून तो काढणार कसा? एकच गोष्ट हाताशी होती, रात्रीच्या रक्तातल्या अळ्या. अळ्या असलेल्या आणि रक्त द्यायला तयार झालेल्या माणसांकडून रात्री रक्त घ्यायचं, गाळून, धुऊन अळ्या वेगळ्या करायच्या आणि त्यांना पोषक द्रावणात जिवंत ठेवायचं. या जिवंत अळ्या द्रावणात सतत काही ना काही सोडत राहतात. संशोधकांना अळ्यांपेक्षा ते पाणी हवं होतं. अळी जे बाहेर टाकते त्या उत्सर्जित-स्रावित प्रथिनांचा अंश द्रावणातून गोळा करायचा, आटवायचा, जपून वापरायचा. हाती लागायचं ते मायक्रोग्रॅममध्ये.

१९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पी. कालिराज, एस. एन. घिरणीकर आणि हरिनाथ यांचे शोधनिबंध या स्रावावर येऊ लागले. विचार साधा होता. अळी ज्या वस्तू बशीतल्या पाण्यात सोडते, त्याच ती रक्तातही सोडत असणार. त्या वस्तूंशी आपली प्रतिकारसंस्था कायम भांडत किंवा तडजोड करत असणार. म्हणजे अळी दिसो वा न दिसो, तिचा स्राव आणि त्याविरुद्धची अँटिबॉडी रक्तात सापडायला हवी, आणि तीही दिवसा. कोविडनंतर अँटिजेन आणि अँटिबॉडी हे शब्द घरोघरी पोचलेत, त्यामुळे आज हे समजावणं सोपं आहे. त्या काळी वर्ध्याच्या खेड्यात दिवसा रक्त घेऊन हत्तीरोग ओळखायचा ही कल्पनाच नवी होती.

चाचणीची घडणही पाहण्यासारखी आहे. परदेशी यंत्रावर रंग मोजायची चैन खेड्यात परवडणारी नव्हती. सेवाग्रामने एलायझा चाचणीत पेनिसिलिनेज हे एन्झाइम वापरलं. जीवाणू पेनिसिलिन निकामी करायला जे वापरतात तेच हे. प्रथिन चिकटवलेली काडी रुग्णाच्या रक्तरसात बुडवायची. त्यात अँटिबॉडी असेल तर ती काडीला धरते आणि तिच्यावर पुढे एन्झाइम बसतं. शेवटी काडी पेनिसिलिन, स्टार्च आणि आयोडीनच्या निळ्या द्रावणात सोडायची. एन्झाइम असेल तर पेनिसिलिन फुटतं, त्यातून तयार होणारा पदार्थ आयोडीन खातो आणि निळा रंग उडून जातो. रंग गेला तर रोगाची खूण. यंत्र लागत नाही, नुसत्या डोळ्यांनी निकाल कळतो. या चाचणीला पुढे सेवाफिलाचेक असं नाव मिळालं.

अँटिबॉडीवर विसंबण्यात एक खोट होती. जंत मरून गेला तरी अँटिबॉडी मागे राहते, आणि साथीच्या भागात लहानपणापासून डास चावलेल्या बहुतेकांकडे ती थोडीफार असतेच. जंत जिवंत आहे का, हे त्याच्या स्रावावरूनच ठरणार. म्हणून रक्तात फिरणाऱ्या अँटिजेनचा शोध सुरू झाला. सेवाग्रामने रुग्णांच्या रक्तातून अशा अँटिजेनचे अंश वेगळे केले. त्यांत ४३ किलोडाल्टन वजनाचं एक प्रथिन विशेष ठरलं. ते अळीच्या स्रावाशी नातं सांगत होतं आणि उपचारानंतर घटतही होतं.

त्याच काळात ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेतही अँटिजेन पकडणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी तयार झाली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हातात मावेल असं एक कार्ड आलं. बोटातलं रक्त टाका, काही मिनिटांत रेघ उमटते, दिवसा किंवा रात्री कधीही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोहिमेने तेच कार्ड उचललं. सेवाफिलाचेक मुख्यतः आपल्या परिसरातच राहिली. याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. मोनोक्लोनल अँटिबॉडी टाकीत हवी तेवढी वाढवता येते, आणि सेवाग्रामची चाचणी अवलंबून होती कुणीतरी रात्री दिलेल्या रक्तावर. औद्योगिक हिशेबात ही स्पर्धा बरोबरीची नव्हतीच. पण अँटिजेन शोधायला हवा हे वर्ध्यात जवळजवळ वीस वर्षं आधी ओळखलं गेलं होतं, ही नोंद मराठीत तरी राहायला हवी.

आपल्या चाचणीचा सेवाग्रामने एक चांगला उपयोग केला. आसपासच्या गावांत डीईसी मिसळलेलं मीठ वाटलं गेलं. गोळी घेतली तर ताप येतो, चक्कर येते, म्हणून लोक ती खिशात घालतात. मिठात औषध इतकं थोडं असतं की रोजच्या भाजीतून ते नकळत पोटात जातं. चीनने याच मिठाच्या जोरावर मोठे प्रदेश रोगमुक्त केले होते. सेवाग्रामच्या गावांत अळ्या किती घटल्या हे तर मोजलंच, शिवाय रक्तातली अँटिबॉडी किती उतरली तेही सेवाफिलाचेकने मोजलं. गांधींच्या गावी मिठाचा प्रयोग हा योगायोग कुणाच्या लक्षात आला नसेल असं नाही. मात्र शोधनिबंधात त्याचा उल्लेख करायचा मोह सगळ्यांनीच टाळला.

निदानाचं काम चालू असताना जुनं कोडंही मागे लागलेलंच होतं. अळ्या बाळगणारा धडधाकट का? १९७७ मध्ये अमेरिकेतल्या एरिक ओटेसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्तात अळ्या असलेल्या माणसांच्या लिम्फोसाइट पेशी इतर जंतूंवर नेहमीसारख्या तुटून पडतात, पण फायलेरियाचं प्रथिन समोर आलं की गप्प बसतात. प्रतिकारशक्ती कमजोर झालेली नव्हती, फक्त एका पाहुण्यापुरती तिने मान वळवली होती. अशा माणसांच्या रक्तात आयजीजी-४ नावाची अँटिबॉडी भरमसाट असते. ती अँटिजेनला धरून ठेवते, पण लढाईची हाक देत नाही. उलट, जी हाक देते त्या आयजीई अँटिबॉडीची जागा ती अडवते. जोडीला इंटरल्युकिन-१० हा शांत करणारा निरोप पेशी एकमेकींना देत राहतात. पाय सुजलेल्यांकडे हे उलटं असतं. तिथे आग आहे आणि जंत बहुधा मेलेला आहे.

हे सारं कोण घडवून आणतं, याचं उत्तर बशीतल्या त्या पाण्यात होतं. जंताची जी प्रथिनं बाहेर पडतात त्यांची एकेक ओळख १९९० च्या दशकापासून पटू लागली. वुचेरेरियापेक्षा त्याचा चुलतभाऊ ब्रुगिया मलायी अभ्यासाला सोयीचा, कारण तो वाळवंटी जर्बिल उंदरात वाढतो. २००७ मध्ये त्याचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. परजीवी गोलकृमीचा तो पहिलाच. त्यात सुमारे साडेअकरा हजार प्रथिनांची जनुकं निघाली.

त्यांतलं सिस्टॅटिन जवळून पाहण्यासारखं आहे. बाहेरून आलेलं प्रथिन आपल्या पहारेकरी पेशी गिळतात, आतल्या एन्झाइमांच्या कात्रीने त्याचे तुकडे करतात आणि तो तुकडा पृष्ठभागावर मांडून टी-पेशींना दाखवतात: हा बघा, असा दिसतो. इथूनच हल्ल्याची तयारी सुरू होते. जंताचं सिस्टॅटिन नेमकं त्या कात्रीच्या पात्यांत जाऊन अडकतं. तुकडे नीट पडत नाहीत, दाखवायला धड काही उरत नाही. शिवाय त्या पेशी इंटरल्युकिन-१० सोडू लागतात. दुसरं प्रथिन एएलटी-२. डासातून नुकत्याच आलेल्या अळीच्या ग्रंथींत ते ठासून भरलेलं असतं, आणि मॅक्रोफेज पेशींचा इंटरफेरॉनला मिळणारा प्रतिसाद ते बोथट करतं. तिसरं ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. ते जंताच्या अंगावरच असतं आणि आपल्या पेशी फेकतात ती ऑक्सिजनची दाहक रसायनं विझवतं. काही प्रथिनं तर आपल्याच निरोपांची नक्कल आहेत. टीजीएफ-बीटा या आपल्या शांतिदूताची जंतानं काढलेली प्रत आपल्या पेशींच्या कुलपातही बसते. माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं राहायचं, तर यजमानाची भाषा यायलाच हवी.

हे सगळं जंत जिवंत असेपर्यंत. तो मेला की स्राव थांबतो आणि फुटलेल्या अंगातून वुल्बाकिया बाहेर पडतात. वुल्बाकिया म्हणजे जंताच्या पेशींत राहणारे जीवाणू, ज्यांच्याशिवाय त्याला पिल्लं होत नाहीत. आपली प्रतिकारसंस्था जीवाणूला लगेच ओळखते. इतकी वर्षं गप्प असलेली यंत्रणा लसिकावाहिनीतच पेटते. वाहिनी चोंदते, पाय सुजतो, सुजलेल्या पायाच्या चिरांतून दुसरे जीवाणू शिरतात, ताप येतो, सूज आणखी वाढते. सामोआत गेलेल्या सैनिकांच्या अंगात तडजोड करायला अजून कुणी शिकलेलंच नव्हतं, म्हणून त्यांना पहिल्याच फेरीत आगीचा चटका बसला.

इथून कथेला अनपेक्षित वळण मिळालं. १९८९ मध्ये लंडनच्या डेव्हिड स्ट्रॅकन यांनी मांडलं की लहानपणी जंतुसंसर्ग कमी झाल्यामुळे गवतताप आणि ॲलर्जी वाढली असावी. मग काही जणांनी जंतांकडे नव्याने पाहिलं. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते अशा आजारांत जंताची शांतता उपयोगी पडेल का? अमेरिकेत आयोवाच्या जोएल वाइनस्टॉक यांच्या गटाने क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांना डुकराच्या चाबूककृमीची अंडी प्यायला दिली आणि २००५ मध्ये उत्साहवर्धक निकाल प्रसिद्ध केले. आपल्याकडेही खुणा दिसू लागल्या. २०१० मध्ये चेन्नईच्या अभ्यासाने दाखवलं की मधुमेह असलेल्यांत हत्तीरोगाचा संसर्ग कमी आढळतो. २०१३ मध्ये ओडिशातल्या पांडा, रवींद्रन आणि दास यांनी संधिवाताचे रुग्ण तपासले. हत्तीरोगाच्या प्रदेशात राहूनही त्यांतल्या एकाच्याही रक्तात फायलेरियाचा अँटिजेन नव्हता. यातून जंत संधिवात टाळतो असा निष्कर्ष लगेच काढायचा नसतो. शेजारी शेजारी दिसलेल्या दोन गोष्टी एकीमुळे दुसरी घडते असं सिद्ध करत नाहीत. पण प्रयोग करायला हे कारण पुरेसं होतं.

सेवाग्रामकडे साहित्य तयार होतं. इतकी वर्षं ज्या प्रथिनांना साक्षीदार म्हणून वापरलं त्यांनाच आता औषध म्हणून आजमावायचं. आता रात्रीच्या रक्ताचीही गरज नव्हती, कारण जनुक ई. कोलाय जीवाणूत घालून ते प्रथिन प्रयोगशाळेतच बनवता येत होतं. डॉ. एम. व्ही. आर. रेड्डी, डॉ. कल्याण गोस्वामी आणि त्यांचे विशाल खत्री, नितीन आमदरे यांच्यासारखे विद्यार्थी या कामाला लागले. या टप्प्याशी नाशिकचा कागदोपत्री संबंध आहे. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकला, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला, स्थापन झालं आणि राज्यातल्या वैद्यकीय संस्था त्याच्या छत्राखाली आल्या. सेवाग्रामही. वर्ध्यातल्या उंदरांवर झालेल्या संशोधनाच्या पदवीवर शिक्का नाशिकचा.

प्रयोग असा. उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात डेक्स्ट्रान सल्फेट मिसळलं की काही दिवसांत आतड्याला सूज येते, शौचातून रक्त पडू लागतं, वजन उतरतं आणि मोठं आतडं आखडून लांबीला कमी होतं. माणसाच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससारखीच ही अवस्था. अशा उंदरांना ब्रुगियाचं सिस्टॅटिन टोचलं. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: ज्यांना प्रथिन मिळालं त्यांचा आजार सौम्य राहिला, आतडं कमी आखडलं, ऊतींची नासधूस घटली. आजार सुरू झाल्यानंतर दिलं तरी फरक पडला. नुसतं प्रतिबंधासाठी देण्यापेक्षा हे महत्त्वाचं, कारण दवाखान्यात माणूस आजारी पडल्यावरच येतो. २०१७ मध्ये मधुमेहावरचं काम आलं. स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन ज्या उंदरांच्या स्वादुपिंडातल्या पेशी उद्ध्वस्त केल्या होत्या, त्यांना वुचेरेरियाचं एल-२ आणि ब्रुगियाचं एएलटी-२ ही प्रथिनं दिली, आणि त्यांची रक्तातली साखर उतरली.

उंदीर बरा होणं आणि माणूस बरा होणं यांत मोठं अंतर असतं. २०१३ मध्येच त्याचा दाखला मिळाला होता. चाबूककृमीच्या अंड्यांची मोठी चाचणी क्रोन्सच्या रुग्णांवर झाली आणि अंडी खोट्या औषधापेक्षा सरस ठरली नाहीत. जिवंत जंतापेक्षा शुद्ध प्रथिन बरं, मात्रा मोजता येते, संसर्गाची भीती नाही, हे खरंच. पण प्रथिन परकंच आहे. पुन्हा पुन्हा टोचलं तर शरीर त्याच्याच विरुद्ध अँटिबॉडी करेल. आणि प्रतिकारशक्ती शांत करायची म्हटलं की आपल्या देशात क्षयरोगाचा विचार आधी करावा लागतो, तो कित्येकांच्या फुप्फुसात झोपलेला असतो. मला या संशोधनाबद्दल आशा आहे, पण उद्या दुकानात जंताच्या प्रथिनाची बाटली मिळेल असं सांगणाऱ्या बातम्यांपासून चार हात लांब राहावंसं वाटतं.

एएलटी-२ ची गोष्ट तर आणखी चमत्कारिक. अमेरिकेत रॉकफर्डला रामस्वामी कल्याणसुंदरम यांच्या प्रयोगशाळेत हेच प्रथिन हत्तीरोगाच्या लशीचा एक घटक आहे. तीन प्रथिनं जोडून त्यांनी लस बनवली. प्राण्यांत ती अळ्यांना रोखताना दिसली, आणि सेवाग्रामहून गेलेले संशोधकही पुढे त्या कामात सामील झाले. म्हणजे एका ठिकाणी एएलटी-२ प्रतिकारशक्तीला शांत करायला वापरायचं, दुसऱ्या ठिकाणी तिला भडकवायला. यात विसंगती नाही. लशीत प्रथिनासोबत चिथावणारं द्रव्य मिसळलेलं असतं, आणि शरीराला ते प्रथिन आधीच ओळखीचं झालं की नवी अळी आत शिरताच तिच्या ग्रंथींतून बाहेर पडणाऱ्या एएलटी-२ वर अँटिबॉडी आणि पेशी मिळून तुटून पडतात. किती, कशाबरोबर आणि केव्हा दिलं, यावर प्रथिनाचा स्वभाव ठरतो.

दरम्यान रोग हटवण्याची मोहीम पुढे सरकत होती. २००४ पासून देशभर वर्षातून एकदा गोळ्या वाटणं सुरू झालं. डीईसीबरोबर अल्बेंडाझोल आलं. मग पापुआ न्यू गिनीतल्या चाचणीत दिसलं की आयव्हरमेक्टिन जोडून तीन औषधं एकाच वेळी दिली तर अळ्या दीर्घकाळ परतत नाहीत. भारताने डिसेंबर २०१८ मध्ये बिहारच्या अरवलपासून तिहेरी औषधाची सुरुवात केली, आणि २०१९ च्या सुरुवातीलाच महाराष्ट्रात नागपूरला. आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीवरून ठरते, म्हणून आशा ताई गोळ्यांच्या पिशवीसोबत खुणा केलेली काठी घेऊन दारात उभ्या राहतात. माणसाला काठीशी उभं करायचं, खुणेनुसार गोळ्या मोजायच्या आणि समोरच गिळायला लावायच्या. घरात ठेवून जायच्या नाहीत. अगदी लहान मुलं, गरोदर बायका आणि गंभीर आजारी यांना वगळायचं. देशातून हत्तीरोग हटवण्यासाठी आता २०२७ चं लक्ष्य ठेवलेलं आहे.

मोहिमेत सगळ्यात जास्त वाद होतो तो गोळीनंतरच्या तापाचा. संध्याकाळी गोळ्या घेतल्या आणि रात्री अंग दुखलं, डोकं धरलं, मळमळलं, की दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली गोळ्या नाकारते. खरं तर हा ताप बहुतांशी त्यांनाच येतो ज्यांच्या रक्तात अळ्या असतात, आणि अळ्या जितक्या जास्त तितका तो कडक. अळ्या एकदम मरतात, त्यांच्या अंगातलं सगळं, वुल्बाकियासकट, रक्तात सांडतं आणि इतके दिवस गप्प असलेलं शरीर एका रात्रीत जागं होतं. दारात उभ्या असलेल्या आशा ताईला हे सगळं सांगायला वेळ नसतो. ती म्हणते, ताप आला म्हणजे जंतू मरताहेत, पॅरासिटामॉल घ्या, दोन दिवसांत उतरेल. तिचं म्हणणं शास्त्राला धरूनच असतं. ज्या गल्लीत गोळ्या नियमित घेतल्या जातात, तिथे पुढच्या वर्षीच्या फेरीत ताप येणारे कमी होतात.